तुरीच्या गावचं पाणी

तैवानच्या पूर्वेला, मधला उंच डोंगर आणि समुद्रकाठची ठेंगणी रांग यांच्यामध्ये एक लांबट, चिंचोळं खोरं आहे. हुआलियन शहरातून दक्षिणेला निघालेली रेल्वे या खोऱ्यातून धावते आणि तासाभराच्या आत गुआंगफू स्टेशनात थांबते. गुआंगफू हे सरकारी नाव. जपानी राजवट 1945 मध्ये संपली त्याच्या आठवणीसाठी ठेवलेलं; अर्थ साधारण 'गेलेलं परत मिळालं' असा. इथले आमिस लोक, तैवानमधली एक आदिवासी जमात, मात्र आपल्या गावाला फाताआन म्हणतात, आणि फाताआन म्हणजे तूर. आपलीच तूर, वरणाची आणि आमटीची. चिनी उच्चारात त्याचं माताईआन झालं आणि नकाशांवर तेच छापलं जातं, तरी अर्थ तुरीचाच राहिला. शेजारच्या गावाचं नाव ताफालोंग, ते पांढऱ्या खेकड्यावरून पडलेलं. ज्यांनी ही नावं ठेवली त्यांनी आधी आजूबाजूला नीट बघितलं असणार.

फाताआनच्या मागे डोंगर आहे. त्याच्या पायथ्याशी जमिनीतून पाणी उमळतं, ओढ्याला मिळतं आणि सखल जागी पसरून मोठी पाणथळ तयार होते. विहिरीला जिवंत झरे असतात असं आपण म्हणतो, तसे इथे उघड्यावर, गवताच्या मुळांशी जिवंत झरे आहेत. पाणी इतकं नितळ की तळाची वाळू बुडबुड्यांसोबत हलताना दिसते. या पाण्याभोवती आमिसांची पिढ्यान् पिढ्यांची मासेमारी आहे, रानभाज्या आहेत, देवाधर्माच्या गोष्टी आहेत, आणि अलीकडची काही दशकं पर्यटकांच्या गाड्याही आहेत.

अशा पाण्यावर आपण बाहेरच्यांनी जावं का, आणि जायचं तर कुणाच्या परवानगीनं, हा प्रश्न मला गेली काही वर्षं सोडत नाही. माझं मत आधीच सांगून टाकते. जावं. पण ते पाणी ज्यांनी सांभाळलं त्यांच्या हातात 'आज नको' म्हणायचा अधिकार असला पाहिजे, नुसता मानापुरता नव्हे, कायद्यानं दिलेला आणि प्रत्यक्षात चालणारा. तो नसेल तर तिथली दंतकथा नि तिथला मासा, दोन्ही फक्त फलकावर उरतील.

मी पहिल्यांदा गेले ती 25 मिनिटांसाठी. व्हॅनमधून आलेल्या आम्हा दहा-बारा जणांना वेळ तेवढाच दिला होता: कमळांची तळी, फोटो, मग तिथून जवळच्या जुन्या साखर कारखान्यात आइस्क्रीम. (कारखाना जपानी काळातला, 2002 मध्ये बंद पडला, आता त्याच्या आवारात लोक आइस्क्रीम खायला जातात.) मी व्हॅन जाऊ दिली आणि संध्याकाळच्या गाडीनं परतायचं ठरवलं. त्यामुळे पलकाव बघायला मिळाला.

पलकाव म्हणजे आमिसांची मासे धरायची रीत. धरायची म्हणण्यापेक्षा माशांना घर बांधून द्यायची. उथळ पाण्यात तीन मजले रचतात. तळाला जाड बांबूच्या नळ्या किंवा झाडाएवढ्या वाढणाऱ्या नेच्याचे पोकळ बुंधे. त्यात वाम, मागूर असे चिखलात राहणारे बिनखवल्यांचे मासे शिरतात. मधे एका झाडाच्या फांद्यांचा भारा. त्यात झिंगे आणि बारीक मासळी. वर बांबूचे झुपकेदार शेंडे. त्यांच्या सावलीत मोठे खवल्यांचे मासे. मधल्या मजल्याचं झाड चिनीत ज्योउच्योंग म्हणून ओळखलं जातं आणि ते आपल्या ताम्हणाच्याच कुळातलं आहे. महाराष्ट्राचं राज्यफूल ज्या झाडाला येतं त्याचा चुलतभाऊ तैवानच्या ओढ्यात झिंग्यांना आडोसा देतो, हे मला तिथल्या चिखलात गुडघाभर उभं असताना कळलं.

वरच्या थरात सांडलेलं-उरलेलं मधले खातात, मधल्यांचं खालचे. आमिष नाही, गळ नाही. घरी पाहुणा आला की पलकाव उचलायचा, लागतील तेवढे मासे घ्यायचे, थर पुन्हा होता तसा रचायचा.

उचलणाऱ्या आजी साठीच्या पुढच्या होत्या. त्यांची नात माझ्यासाठी इंग्रजीत सांगत होती. आजींनी फांद्यांचा भारा पाण्यातून अलगद वर घेतला, हाताच्या जाळीत झटकला, करंगळीएवढे मासे परत सोडले, मग बुंधा तिरपा करून त्यातला एक मागूर काढला. बस, एवढंच. मग काठावर चूल पेटली. चुलीत दगड तापत ठेवले होते, मुठीएवढे, गुळगुळीत. भांडं म्हणून पोफळीच्या झापाचा रुंद देठ दुमडून बांधलेला, कोकणात जिला विरी म्हणतात तीच. त्यात पाणी, मासा, मीठ, रानातली पानं. लाकडी चिमट्यानं लाल झालेला दगड उचलून आत सोडला की पाणी खळ्ळकन उसळतं. दोन-तीन दगडांत मासा शिजतो आणि विरी जळत नाही. पानांमधली एक मी ओळखली: कामोणी. आमिस तिला तातुकेम म्हणतात. तैवानमध्ये आमिसांची ओळखच रानभाज्या खाणारे लोक अशी आहे.

खायच्या आधी आजींनी तांदळाच्या दारूच्या पेल्यात बोट बुडवलं आणि थेंब जमिनीकडे उडवले. याला मिफेतिक म्हणतात. पूर्वजांना, त्या जागेच्या कावासांना, म्हणजे तिथे वावरणाऱ्या अदृश्यांना, पहिला वाटा. माझे आजोबा जेवायला बसताना ताटाभोवती पाणी फिरवून चित्राहुती घालत. आजींचं बोट हललं तसं मला ते दिसले. दोन रीतींमध्ये नातं आहे असा माझा दावा नाही. पण आपण खातो ते आधी दुसऱ्या कुणाचं आहे, ही जाणीव मला नवी नव्हती.

दंतकथेचं काय, याकडे आता येते. ताफालोंगकडे सांगितल्या जाणाऱ्या कथेत तियामात्सान नावाची एक तेजस्वी मुलगी असते. समुद्राच्या देवाला ती हवी असते. तिला लपवतात, तेव्हा समुद्र चढून येतो आणि तिला घेऊन जातो. त्या पुरात दोत्सी आणि लालाकान ही भावंडं लाकडी उखळात बसून वाहत जातात आणि चिलांगासान डोंगराच्या माथ्याला लागतात. जगात दुसरं कुणीच उरलेलं नसतं, म्हणून ती दोघं नवरा-बायको होतात. पण त्यांना पहिली मुलं होतात ती माणसाची नाहीत: साप, सरडा, बेडूक. मग सूर्याकडून त्यांना विधी शिकवले जातात, आणि त्यानंतरच माणसाची पोरं जन्माला येतात. गावागावांत तपशील बदलतात, नावंही बदलतात. पण ही कथा मी जितक्यांदा वाचली तितक्यांदा एकाच जागी थांबले. या कथेत बेडूक हा माणसाचा थोरला भाऊ आहे. आधी त्याचा जन्म, मग आपला. आणि आपण माणूस झालो ते विधी शिकल्यावर, म्हणजे वागायचं कसं हे कळल्यावर.

आता पर्यटन खात्याचे फलक आठवा, तैवानमधले किंवा कुठलेही. डाव्या बाजूला 'आख्यायिका', तीन ओळी. उजव्या बाजूला 'जैवविविधता', पक्ष्यांची आणि वनस्पतींची चित्रं. मधे उभी रेघ. माझं सगळं भांडण त्या उभ्या रेघेशी आहे. कथा वेगळी आणि मासा वेगळा केला की कथा मनोरंजन होते आणि मासा विज्ञानाकडे जातो. ज्या लोकांच्या हातात दोन्ही एकत्र होतं त्यांच्याकडे मग काहीच उरत नाही, फार तर लोकनृत्य. हुआलियनमध्ये दर उन्हाळ्यात सरकारी एकत्रित उत्सव भरतो, त्यात हजारो लोक नाचतात. गावाचा इलिसिन, म्हणजे सुगीनंतरचा खरा उत्सव, वेगळा असतो; काही गावांत पूर्वजांना बोलावण्याची पहिली रात्र बाहेरच्यांना पूर्ण बंद असते. आणि मोठं कार्य पार पडलं की, लग्न असो, उत्सव असो की मयत, आमिस लोक शेवटी नदीवर किंवा समुद्रावर मासे धरायला जातात आणि एकत्र जेवतात. त्याला पाकेलांग म्हणतात. त्या जेवणानंतर माणूस रोजच्या जगण्यात परततो. म्हणजे नदीत मासाच नसेल तर मयताचं सुतकसुद्धा नीट फिटत नाही. इतकं ते एकमेकांत विणलेलं आहे, आणि म्हणून मला ती रेघ चुकीची वाटते.

कथा जागेला किती चिकटलेली असते याचं एक उदाहरण ताफालोंगमध्येच आहे. तिथल्या काकिताआन घराण्याच्या मूळ घराच्या खांबांवर पूर्वजांच्या गोष्टी कोरलेल्या होत्या. 1958 च्या वादळात घर पडलं. खांब तैपेईला, अकादेमिया सिनिकाच्या मानववंशशास्त्र संस्थेच्या संग्रहालयात नेले गेले. या शतकाच्या सुरुवातीला गावकरी ते परत मागायला गेले. सिकावासाय, म्हणजे पूर्वजांशी बोलणाऱ्या पुजारणी, सोबत होत्या. अखेर खांब संग्रहालयातच राहिले, पण विधी करून त्यांच्यातले पूर्वज गावी परत नेले गेले आणि गावात घर नव्यानं उभं राहिलं. लाकूड राजधानीत, आत्मे गावात. मला ही तडजोड नेहमी हलवते, कारण तिच्यात गावानं ठरवलं की आपलं नेमकं काय आहे.

ठरवण्याचा हा अधिकारच काढून घेतला गेला होता. जपान्यांनी 1895 मध्ये, बेट ताब्यात येताच, फर्मान काढलं की ज्या रानजमिनीची कागदपत्रं नाहीत ती सरकारची. ज्यांची मालमत्ता आईकडून मुलीकडे, तोंडी, ओढ्याच्या वळणावरून आणि झाडाच्या खुणेवरून जात होती त्यांच्याकडे कागद कुठून येणार? मराठी वाचकाला हे समजवावं लागू नये. इंग्रजांनी 1878 च्या जंगल कायद्यानं सह्याद्री-सातपुड्यात हेच केलं. दोन साम्राज्यं, एकच युक्ती.

तैवाननं 2005 मध्ये मूलनिवासी मूलभूत कायदा केला. त्याचं 21 वं कलम सांगतं की आदिवासी भूमीवर विकास, साधनसंपत्तीचा वापर, पर्यावरणसंवर्धन, अगदी संशोधनसुद्धा करायचं असेल तर त्या समाजाला विचारावं लागेल, त्यांची संमती किंवा सहभाग घ्यावा लागेल. संवर्धनाचा उल्लेख मला फार महत्त्वाचा वाटतो. चांगल्या हेतूनं आलेल्यालाही विचारल्याशिवाय आत येता येत नाही, हे त्यात मान्य केलं आहे. 1 ऑगस्ट 2016 ला राष्ट्राध्यक्ष त्साई इंग-वन यांनी सरकारच्या वतीनं आदिवासींची माफीही मागितली. पण पुढच्याच वर्षी पारंपरिक भूमी कशी आखायची याचे नियम आले आणि त्यातून खाजगी जमिनी वगळल्या गेल्या. गेल्या शतकात हातातून गेलेली जी जमीन आज खाजगी नावावर आहे, तिच्यावर काही उभं राहताना गावाला विचारण्याची सक्ती उरली नाही. त्याविरुद्ध गायिका पानाई, बुनुन समाजातले नाबू आणि आमिस दिग्दर्शक मायाव बिहो राष्ट्राध्यक्ष भवनासमोरच्या रस्त्यावर ठाण मांडून बसले, आणि ते आंदोलन वर्षानुवर्षं चाललं.

पर्यटन आणि हा कायदा यांची टक्कर बघायची तर ताइतुंगच्या किनाऱ्यावर जावं. तिथल्या आमिसांच्या फुदाफुदाक या वाळूच्या किनाऱ्यावर 2004 च्या करारानं एक रिसॉर्ट आलं. एक हेक्टर किंवा त्याहून मोठा भूखंड असेल तर पर्यावरणीय परीक्षण लागत होतं; इमारतीचा तुकडा वेगळा काढला गेला तो 0.9997 हेक्टरचा. तीन चौरस मीटर कमी, एका घडीच्या खाटेपुरती जागा. आमिस गावकरी आणि पर्यावरणवादी कोर्टात लढले, 2016 मध्ये शेवटचा निकाल त्यांच्या बाजूनं लागला. तोवर इमारत उभी होती. बारा वर्षं. 'आज नको' म्हणायचा अधिकार आधी असता तर बारा वर्षं लागली नसती.

माझ्या म्हणण्यावर पहिला आक्षेप येतो तो असा: पाणी सर्वांचं असतं, कुणा एका जमातीनं त्यावर कुलूप का लावावं? मी हा आक्षेप मनापासून घेते, कारण आपल्याकडे पाण्यावरची कुलपं जातीची होती आणि ती तोडायला महाडला 1927 मध्ये सत्याग्रह करावा लागला. पण चवदार तळ्यावर अडवला जात होता तो तहानेचा, माणूसपणाचा हक्क. फाताआनच्या पाण्यावर सुट्टीत फोटोला येणाऱ्या माझ्यासारखीची तहान अडत नाही. अडलं तर एका दुपारचं मनोरंजन अडतं. पिढ्यान् पिढ्या जे दाबले गेले त्यांनी आपल्या झऱ्याला कुंपण मागणं आणि ज्यांच्या हातात सगळं होतं त्यांनी तळ्यावर पहारा बसवणं, हे मला एका मापानं मोजता येत नाही.

दुसरा आक्षेप जास्त जड आहे. पैसा. 1960 नंतर आमिस तरुण मोठ्या संख्येनं गावं सोडून गेले, तैपेईच्या बांधकामांवर, खोल समुद्रातल्या बोटींवर. कितीतरी कुटुंबं आज राजधानीच्या आसपास राहतात. गावात म्हातारी माणसं आणि नातवंडं. अशा वेळी पर्यटक येतो, घरी उतरतो, मासा खातो, पैसे देतो. पलकाव आज टिकून आहे त्यातही त्या पैशाचा वाटा आहे. हे नाकारणं खोटेपणा होईल. मी जेवले त्याचे पैसे मीही दिले आणि आजींनी ते मोजून घेतले, आणि ते योग्यच होतं.

पण पैसा येतो कुणाच्या अटीवर, यानं सगळा फरक पडतो, आणि याचा तैवानमध्येच पडताळा आलेला आहे. तो आमिसांचा नाही, अलीशान डोंगरातल्या त्सोउ लोकांचा आहे. सावीकी गावाजवळ दानायिकू नावाचा ओढा आहे. त्सोउंच्या रिवाजानं ओढ्याचे पट्टे कुळांमध्ये वाटलेले असत आणि ज्याचा पट्टा त्यानं तो सांभाळायचा. पुढे ते मोडलं. विजेचा धक्का देऊन, विष टाकून मासे मारले जाऊ लागले आणि ओढा जवळजवळ रिकामा झाला. 1989 मध्ये गावानं ठरवलं की ओढा बंद. गावाबाहेरच्यांना आणि स्वतःलाही. गावातले लोक पाळीपाळीनं रात्री पहारा देत. काही वर्षांत मासे इतके परतले की काठावरून चंदेरी पाठी दिसू लागल्या. मगच, 1995 मध्ये, गावानं तिकीट लावून तो ओढा लोकांसाठी उघडला, आणि तिकिटाचे पैसे म्हाताऱ्यांसाठी आणि पोरांच्या शिक्षणासाठी लावले. क्रम बघा. आधी बंद, मग मासा, मग पाहुणा. फाताआनला नि इतर अनेक ठिकाणी क्रम उलटा झाला, पाहुणा आधी आला. ऑगस्ट 2009 च्या मोराकोत वादळानं दानायिकूचं खूप काही वाहून नेलं, तरी लोकांनी पुन्हा सुरुवात केली, कारण ओढा कुणाचा आहे याबद्दल त्यांच्या मनात शंका नव्हती.

तिसरी गोष्ट आक्षेपापेक्षा शंका म्हणावी लागेल: 'गाव' म्हणजे कोण? होमस्टे चालवणारा आणि शेत कसणारी यांचं मत एकच असेल असं नाही. आमिसांत घर-जमीन बायकांकडून चालत आली, तर गावाचा कारभार पुरुषांच्या वयोगटांकडे होता. आज निवडून आलेले प्रतिनिधी वेगळे. या भांडणाला मी घाबरत नाही. ते गावानं गावात भांडावं. आपल्या सोयीचा एक माणूस गाठून त्याची सही घेतली की संमती झाली, एवढं मात्र चालू देऊ नये.

आणि आता त्या 'स्थानिक पर्यावरणा'कडे, कारण हा शब्दही सरळ नाही. जुलैमध्ये फाताआनला लोक जातात ती कमळं बघायला. मोठी गुलाबी कमळं, मोठं पान, छान फोटो. ती तळी लावलेली आहेत. पाण्यातला खरा जुना जीव, बारीक पाणवनस्पती, लाकडाखालचा झिंगा, फोटोत येत नाही. त्याच पाण्यात तिलापिया आहे. तो 1946 मध्ये सिंगापूरहून तैवानमध्ये आणला गेला, युद्धानंतर लोकांना खायला मासा मिळावा म्हणून. आणि सोनेरी गोगलगाय आहे, 1979-80 च्या सुमारास अर्जेंटिनाहून खाण्यासाठी आणलेली. ती कुणाला आवडली नाही, लोकांनी सोडून दिली, आणि तिनं भाताची कोवळी रोपं आणि पाणवेली फस्त केल्या. तिची गुलाबी अंड्यांची झुबकी मी आजींच्या पलकावच्या बांबूवर पाहिली. त्यांनी ती नखानं खरवडून पाण्यात टाकली, बोलणं न थांबवता, सवयीनं.

पण मग तुरीचं काय? तुरीचं मूळ भारतात आहे. कधीतरी, कुणाच्या तरी पोत्यातून ती त्या बेटावर पोचली असणार. आज ती आमिसांच्या भाजीत-रश्शात आहे आणि गावाच्या नावात आहे. म्हणजे बाहेरचं ते वाईट, असा साधा हिशेब तिथले लोकही मांडत नाहीत. तूर आली, कुणाचं घर न खाता परसात उगवली, तिला नाव मिळालं. गोगलगाय आली आणि तिनं शेत खाल्लं. पाहुण्याचे हे दोन प्रकार मी तिथून घेऊन आले, आणि माझ्या प्रत्येक प्रवासात ते आठवतात.

फाताआनपासून आणखी दक्षिणेला फुली तालुक्यात चिहालाय नावाचं आमिसांचं ठिकाण आहे. नाव 'हाला' या माशावरून. वाहत्या पाण्यात दगडाला पोटानं चिकटून राहणारा छोटा मासा, जगात फक्त पूर्व तैवानमध्ये सापडणारा. जुन्या लोकांनी कड्याच्या कडेनं हातानं पाट खोदून ओढ्याचं पाणी भातखाचरांवर आणलं, तो पाट आजही चालतो. 2012 मध्ये हुआलियननं ती खाचरं, पाट आणि ओढा मिळून एक सांस्कृतिक भूदृश्य म्हणून नोंदवली. इथे त्या फलकावरची उभी रेघ थोडी पुसली गेली. पाट साफ करणारा शेतकरी हाही त्या वारशाचा भाग आहे असं कागदावर आलं.

आपल्याकडे? देवराईतल्या झऱ्याला चप्पल घालून जायचं नाही, तिथली काटकी मोडायची नाही, हे सांगणाऱ्या म्हाताऱ्या अजून आहेत. दुसरीकडे रायगडमधल्या देवकुंडसारख्या धबधब्यांवर पावसाळ्यात इतकी गर्दी आणि इतके बुडून मृत्यू, की प्रशासनाला बंदीचे आदेश काढावे लागतात. बंदी येते ती जिल्ह्याच्या कचेरीतून. धबधब्याखालच्या गावाला विचारून धबधबा उघडला किंवा मिटला, असं क्वचितच घडतं. गडचिरोलीच्या मेंढा-लेखानं 2006 च्या वनहक्क कायद्याखाली 2009 मध्ये आपल्या जंगलावर सामूहिक हक्क मिळवला. 'आमच्या गावात आम्हीच सरकार' ही त्यांची घोषणा मला फाताआनच्या काठावर आठवली, आणि आजींना ती कशी सांगावी ते सुचलं नाही. नातीला सांगितली. ती हसली आणि आजींना काहीतरी बोलली. आजींनी दोनदा मान डोलावली.

23 सप्टेंबर 2025 ला फाताआनचं नाव जगभरच्या बातम्यांत आलं. त्या वर्षी जुलैच्या वादळी पावसात वर डोंगरात कडा कोसळून माताईआन नदीत नैसर्गिक बांध पडला होता आणि त्यामागे तलाव साचला होता. रागासा वादळाच्या पावसात तो ओसंडला. नदीवरचा पूल गेला, गुआंगफूच्या रस्त्यांवर चिखलाचा लोंढा आला, डझनाहून अधिक माणसं मेली. नातीचा निरोप यायला चार दिवस लागले: आजी सुखरूप, तळमजला चिखलानं भरलाय.

पुढच्या दिवसांत तैवानभरातून लोक फावडी घेऊन रेल्वेनं गुआंगफूला येऊ लागले. अनोळखी घरांतला चिखल उपसू लागले. त्यांना तिथे 'फावडेवाले सुपरमॅन' नाव पडलं. मी ते फोटो बघत बसले. त्याच स्टेशनवर उतरणारे लोक, ज्यांना एरवी 25 मिनिटं दिली जातात. आता ते दारात उभे राहून घरच्या माणसाला विचारत होते की कुठून सुरुवात करू, आणि घरचा माणूस सांगेल तिथे फावडं मारत होते.

म्हणून माझी मागणी फार मोठी नाही. 21 वं कलम पर्यटनालाही नेमकेपणानं लागू व्हावं. आदिवासी पाण्यावर नेणाऱ्या प्रत्येक सहलीला गावाच्या मंडळाची वर्षावर्षाची लेखी संमती लागावी, आणि ती मागे घेता यावी. तिकिटाचा पैसा आधी गावाच्या खात्यात जावा. वर्षातले काही महिने झरा बंद ठेवायचा की नाही ते गावानं ठरवावं आणि त्याचं कारण विचारलं जाऊ नये. कावासांसाठी बंद असो, माशांच्या विणीसाठी असो, नाहीतर कुणाच्या मयतीसाठी. आणि आपण जाणाऱ्यांनी एक दिवस मोकळा ठेवून जावं, 25 मिनिटं नव्हे. गेलो आणि बंद असलं तर परत यायची तयारी ठेवून.

त्या दुपारी निघताना मी आजींना विचारलं होतं की पलीकडच्या वळणावर अजून एक पलकाव दिसतोय, तोही उचलून दाखवाल का. माझ्याकडे वेळ होता, पैसे द्यायचीही तयारी होती. तिथे काठाच्या उंच गवताच्या दोन-तीन पाती एकत्र घेऊन त्यांची गाठ मारलेली होती. आजींनी त्या गाठीकडे बोट केलं आणि मान हलवली. नातीनं भाषांतर केलं: "ती म्हणतेय, तो आज नाही." मग आजींनी माझ्या हातात केळीच्या पानात बांधलेली कामोणीची जुडी दिली, आणि आम्ही तिघी स्टेशनकडे चालत निघालो.